सुगंधाच्या दोन बाटल्या

सुगंधा खरातबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको. मी तिच्यावर जळते. थोडीथोडकी नाही, चांगली धडधडून जळते. ती चौपन्न वर्षांची, मी एक्कावन्नची. ती आठवी नापास, मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ती पॅकिंगला दिवसभर उभी असते, मी लॅबमध्ये खुर्चीवर बसते. तरी जळते मीच.

कारखाना म्हणजे दोन गाळे मधली भिंत पाडून एक केलेले. इथे क्रीम, लोशन, फेसवॉश बनतात आणि दुसऱ्यांची नावं लावून बाजारात जातात. मालक निमेशभाई. माल बाहेर जाण्याआधी तो बरोबर आहे की नाही हे तपासून सही करायची, हे माझं बावीस वर्षांचं काम.

सुगंधा मूळची वाशीमकडची. सतराव्या वर्षी लग्न होऊन चारकोपला आली ती सेक्टर चारच्या त्याच खोलीत आजही आहे. नवरा दशरथ रिक्षा चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी काविळीत गेला. मुलगा विशाल बायको-पोराला घेऊन नालासोपाऱ्याला राहतो. आमची ओळख विहारातली. दशरथ गेल्यावर तिला नोकरी मी लावून दिली, आणि हे मी अजूनही सगळ्यांना सांगते. तीही सगळ्यांना सांगते, "नमिताताईंमुळं माझी चूल पेटली." तिचं सांगणं ऐकून बायका डोळे पुसतात. माझं ऐकून कुणी काही पुसत नाही.

ती वयाने मोठी, तरी मला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिला अगं-तुगं करते. हे असंच चालत आलं आणि मी ते कधी बदललं नाही.

पॅकिंगमध्ये तिचा हात कुणी धरणार नाही. बाटल्या भरायचं मशीन जुनं, एखादीत थेंबभर कमी टाकतं, एखादीत जास्त. सुगंधा तीस बाटल्यांची रांग लावते, गुडघे वाकवून डोळे बाटल्यांच्या रेषेत आणते, एक डोळा मिटते आणि बरोबर त्या कमी असलेल्या बाटलीवर बोट ठेवते. मग ड्रॉपरने या बाटलीतलं काढून त्या बाटलीत. मी कितीदा तरी तिच्या बाटल्या काट्यावर ठेवून पाहिल्या, चूक सापडावी म्हणून. एकदाही सापडली नाही.

हे तिचं वेड कारखान्यापुरतं नाही. घरी चहा दिला तर दोन कपांत इकडून तिकडे ओतत बसते, पातळी सारखी होईपर्यंत चहा निवतो. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटायला तीच उभी राहते, कारण तिच्या वाटपात कुणाच्या वाटीत काजू कमी आला अशी तक्रार आजवर झालेली नाही. "एकाला वर, एकाला खाली, हे बघवत नाय मला," असं ती म्हणते. मागे लावलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघून म्हणते, त्यामुळे कुणाला वाददेखील घालता येत नाही.

तर दिवाळीनंतर निमेशभाई लॅबमध्ये आले ते हातात एक चकचकीत मासिक घेऊन. "नमिताबेन, कोरियामध्ये धूम चालू आहे. आपल्याकडे पण पार्लरवाल्या तेच मागतात. पीडीआरएन. आपण सिरम काढायचं. वय झालेल्या त्वचेसाठी."

पीडीआरएन म्हणजे सॅमन नावाच्या परदेशी माशाचा डीएनए. तोही नराच्या वीर्यातून काढलेला. तो तोडून, साफ करून त्याची पांढरी पावडर करतात. दावा असा की थकलेल्या कातडीला तो पुन्हा कामाला लावतो. हे मी पॅकिंगच्या बायकांना सांगितलं तेव्हा पाच मिनिटं लाइन बंद पडली. सगळ्यांत मोठ्यांदा सुगंधा हसली. "आमचे हे असते ना ताई, तर म्हणाले असते, माशाला विचारलं का आधी?"

मला विचाराल तर मी पहिल्याच दिवशी निमेशभाईंना सांगितलं होतं. डॉक्टर सुईने टोचून देतात त्याची गोष्ट वेगळी, त्यावर थोडे अभ्यास आहेत, तेही लहान-लहान. पण बाटलीतला थेंब गालावर चोळला तर एवढा मोठा रेणू कातडीतून आत शिरतो का, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. दार छोटं आणि पाहुणा जाडा. निमेशभाई म्हणाले, "मग तुम्ही तपासा ना, बेन. तुम्ही तर तपासायलाच आहात."

म्हणून मी चाचणी लावली, आणि चांगली लावली, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते कारण दुसरं कुणी सांगणार नाही. कारखान्यातल्या आणि इस्टेटमधल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या चौदा बायका घेतल्या. प्रत्येकीला दोन बाटल्या दिल्या, हिरव्या टोपणाची डाव्या गालासाठी, पांढऱ्या टोपणाची उजव्या. एकीत माशाची पावडर घातलेलं जेल, दुसरीत तेच जेल पावडरीशिवाय. कुणाच्या कोणत्या टोपणात काय, ते पाकिटात बंद करून निमेशभाईंच्या कपाटात. मलाही माहीत नाही. आठ आठवडे सकाळ-संध्याकाळ लावायचं आणि दर शुक्रवारी लॅबमध्ये येऊन दिव्याखाली पंधरा मिनिटं बसायचं. मी फोटो काढणार, सुरकुत्यांना शून्य ते चार गुण देणार, सुरकुती जितकी खोल तितके जास्त, बाटल्यांचं वजन करणार. एकाच चेहऱ्याचे दोन गाल एकमेकांशी ताडून पाहायचे, म्हणजे खोटं बोलायला जागा राहत नाही.

मला स्वतःला चाचणीत बसता येत नव्हतं. तपासणाऱ्याने बसायचं नसतं. म्हणून मी कोठारातली पावडर घेऊन, दुप्पट मात्रा टाकून, माझी वेगळी बाटली केली आणि घरी दिवसातून तीनदा चोळायला लागले. पाहुणा आत जात नाही हे मला माहीत होतं. तरी मी चोळत होते. बावीस वर्षं मी टोपी, मास्क आणि चष्म्याच्या आड काढली आणि एक दिवस ते सगळं उतरवलं तर आत माझी आई बसलेली होती. अशा वेळी बी.एस्सी. काही कामाची नसते.

पहिल्या शुक्रवारी सुगंधा आली तेव्हा तिच्या चेहऱ्याला गुण देताना मला बरं वाटलं होतं. कपाळावर तीन, डोळ्यांच्या कडेला तीन, गाल ओघळलेले. आंघोळीच्याच साबणाने तोंड धुणारी बाई, दुसरं काय होणार! मी तीनचे साडेतीन करायला निघाले होते, हात आवरला.

चौथ्या शुक्रवारी मी दिवा जवळ ओढला. पाचव्या शुक्रवारी भिंग काढलं. बाकी तेराजणी होत्या तिथेच होत्या. कुणाचा गाल जरा मऊ, कुणाचा जरा ओशट, एवढंच. सुगंधाचा चेहरा मात्र पालटत होता. डोळ्यांच्या कडा सैल झाल्या होत्या, कपाळ उघडल्यासारखं दिसत होतं, गालांवर लकाकी होती. आणि डावा-उजवा दोन्ही सारखे. एका गालावर औषध, एका गालावर नुसतं जेल, मग दोन्ही गाल कसे चमकतात? मी तिला या बाजूला वळ, त्या बाजूला वळ करत राहिले. पंधरा मिनिटांची वीस झाली. ती बिचारी मान वळवायची आणि मधूनच हसायची, की माझं गुणांचं गणित चुकायचं.

"हसू नकोस गं, सुरकुती पडते," मी खेकसायची.

"पडू दे की. तुम्ही मोजताच आहात."

त्याच आठवड्यात विहारात कार्यक्रम होता. सुगंधा पांढरी साडी नेसून आली. बायकांनी तिला घेरलं. घरी परत येताना माझा नवरा सुबोध, ज्याला माझा नवीन चष्मा तीन महिन्यांनी दिसला होता, तो म्हणाला, "खरातबाई अलीकडे एकदम फ्रेश दिसतात ना? तू पण लाव की ते काहीतरी."

मी दिवसातून तीनदा लावत होते. दुप्पट मात्रा. त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्तच पडलं.

आठवा शुक्रवार झाला. फोटो बघायला निमेशभाई स्वतः आले. तेरा बायकांचे फोटो त्यांनी पत्ते पिसल्यासारखे सरकवले आणि सुगंधाच्या पहिल्या आणि आठव्या फोटोवर थांबले. "बस्स. हीच आपली बाई! बॉक्सवर हिचाच फोटो. आणि बोरिवलीच्या मॉलमध्ये आपण काउंटर घेतोय, तिथे पण हिलाच बसवू. गिऱ्हाईक समोरासमोर बघेल ना, खरी बाई, खरं वय."

बातमी सुगंधाला मीच सांगितली, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ती पॅकिंगच्या टेबलाला धरून उभी होती. दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले आहेत. डॉक्टरने उभं राहायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि तिची नोकरीच उभं राहायची. संध्याकाळी ती इस्टेटच्या गेटपर्यंत भिंतीला हात लावत जाते.

"काउंटर म्हणजे बसून काम ना ताई?" तिने पहिला प्रश्न हाच विचारला. "बॉक्सवरच्या फोटोचं राहू द्या. खुर्ची असते ना तिथं?"

"असते."

"बसून पगार मी कधी घेतला नाय ओ." ती ड्रॉपर हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "झकास झालं. हे पण तुमच्यामुळंच."

मी लॅबमध्ये आले आणि दार लावून घेतलं. माझं काय बिघडणार होतं? काहीच नाही. खुर्ची माझ्याकडे होती, पगार जास्त होता, मला कुणी काउंटरवर बसवलं असतं तर मी गेलेही नसते. पण चारकोपपासून बोरिवलीपर्यंत लोक तिचं तोंड बघणार आणि ज्या बाईने ते सिरम तपासलं तिचं नाव बॉक्सच्या तळालादेखील नसणार, हे माझ्या घशाखाली उतरेना. कुठेतरी काहीतरी चुकलेलं असणारच, असं म्हणत मी नोंदी उघडल्या. सायंटिस्ट म्हणून उघडल्या असं मी स्वतःला सांगितलं.

आणि सापडलं. दर शुक्रवारचं बाटल्यांचं वजन. बाकी प्रत्येकीची एक बाटली जास्त संपलेली, एक कमी, कारण कोणीही दोन्ही गालांना मोजून लावत नाही. सुगंधाच्या दोन्ही बाटल्या आठही शुक्रवारी ग्रॅमला ग्रॅम सारख्या. पहिल्या आठवड्यात मी ते पाहिलं होतं आणि हिचा हातच मोजका, म्हणून त्यावरही जळले होते. आता मात्र माझ्या डोक्यात खीर वाटणारी सुगंधा उभी राहिली.

मी तिला बोलावलं. आवाज गोड केला. "सुगंधा, या दोन बाटल्या अशा सारख्या कशा गं राहिल्या?"

तिला कौतुक केल्यासारखं वाटलं. "राहतात कसल्या? आज हिरव्याचा पंप जास्त सोडतो, उद्या पांढऱ्याचा. कधी ती खाली, ही वर, कधी उलटं. मग मी संध्याकाळी ड्रॉपरनं हिच्यातलं तिच्यात टाकून पातळी करायची. बघवतच नाय ना मला."

"रोज?"

"रोज. काय, चुकलं का काय?"

चुकलं होतं. बाई दोन्ही गालांना दोन्हींचं मिश्रण लावत होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. चाचणीच्या नियमात बसेल असंच मी लिहिलं, 'सहभागी महिलेने नमुने एकत्र केले. निकालातून वगळावे. जाहिरातीत वापर करू नये.' खाली सही केली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं बरोबर काम मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी केलेलं नव्हतं. शेवटचं वाक्य नियमात कुठेही नाही, ते माझं.

निमेशभाईंनी कागद वाचला, कपाळावर हात मारला, पण सहीपुढे त्यांचं चालत नाही. पुढे पाकीट उघडलं. तेराजणींच्या गालांत औषधाच्या बाजूला आणि नुसत्या जेलच्या बाजूला काडीचाही फरक नव्हता. निदान आमच्या बाटलीत, आमच्या आठ आठवड्यांत मासा आणि पाणी एकाच मापाचे निघाले. मी तसा अहवाल दिला. निमेशभाई म्हणाले, "ठीक आहे, 'त्वचा मऊ करते' एवढंच लिहू. ते तर खरं ना?" ते खरं होतं, कोणतंही जेल तेवढं करतं. बॉक्सवर एका मॉडेलचा फोटो आला. काउंटरवर तेवीस वर्षांची एक मुलगी बसली, जिला सुरकुती फक्त आईच्या चेहऱ्यावरून माहीत असेल. आणि सुगंधा त्याच टेबलाशी उभी राहून त्या मॉडेलचे बॉक्स बंद करायला लागली.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. चार दिवस वाटलंही. मग एक दिवस बॉक्सचा ढीग तपासायला गेले तर ती एका पायावर भार देऊन उभी होती, दुसरा गुडघा टेबलाच्या फळीला टेकवलेला. माझ्याकडे बघून हसली. चेहरा तसाच, लकाकणारा. बाटल्या बंद होऊन महिना झाला होता. याचा अर्थ जे काही होतं ते बाटलीतलं नव्हतं, आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

पुढच्या शुक्रवारी पावणेअकराला लॅबचं दार वाजलं. दारात सुगंधा. टोपी काढलेली, तोंड धुतलेलं, केस मागे घट्ट बांधलेले. चाचणीला यायची तशीच.

"चाचणी संपली गं," मी म्हणाले.

"माहितेय. मशीनचा पाइप तुंबलाय, लाइन बंद आहे. बसू का जरा? गुडघे बोंबलतायत."

ती दिव्याखालच्या खुर्चीत बसली. माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. तिने सवयीने मान डावीकडे वळवली. मी पाहिलं. डोळ्यांच्या कडेला दीड. कपाळाला दीड. जळलेच मी.

"खरं सांग सुगंधा, त्या बाटल्यांशिवाय तू काय लावत होतीस?"

"काय नाय."

"काहीतरी असणारच. हळद? दूध? सुनेने काही आणून दिलं?"

"सून आणून देईल होय!" ती हसली आणि तिने वळवलेली मान सरळ केली. "हे गेल्यापासून माझ्या तोंडाकडं कुणी धड बघितलं नाय, ताई. विशालचा व्हिडिओ कॉल येतो तर फोन पोराच्या हातात, तो मला पंखा दाखवतो. इथं टोपी न् मास्क. तुम्ही शुक्रवारी बोलवायच्या आणि वीस-वीस मिनिटं बघत राहायच्या, जवळून, भिंग लावून. गुरुवारपासनं मला बरं वाटायचं. आरशात बघून यायची मी. कुणी बघणार आहे म्हटलं की माणूस जरा नीट राहतो ना."

मला ते ऐकवेना. माझ्याबद्दल कुणी इतका चांगला गैरसमज करून घ्यावा, हे आजवर झालेलं नव्हतं आणि मला तो पेलवतही नव्हता. तोंडातून निघून गेलं, "मी काही मायेने बघत नव्हते गं. एखादी तरी सुरकुती वाढलेली सापडावी म्हणून बघत होते. तुझं नाव काढलं तो कागदसुद्धा..."

"ऊठ," सुगंधा म्हणाली. ती स्वतः टेबलाला धरून उठली, माझ्या दंडाला धरून मला त्या खुर्चीत बसवलं, आणि दिवा माझ्या तोंडावर फिरवला. माझा चष्मा काढून बाजूला ठेवला. दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून तिने डोळे माझ्या रेषेत आणले आणि एक डोळा मिटला. बावीस वर्षांत मी हजारो वस्तू अशा तपासल्या असतील. मला दोन्ही हातांनी तोंड झाकून घ्यावंसं वाटलं.

"सही तुझी होती, ते मला त्याच दिवशी कळलं," ती माझा डावा गाल बघत म्हणाली. "आणि जळतेस, ते तर ही नोकरी लावून दिलीस तेव्हापासनं माहितेय मला."

"मग येत का राहिलीस?"

तिने माझी हनुवटी धरून मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"जळून का होईना, बघत तर होतीस."